डोंगर राहिला, शेत गेलं : लेसोथोची गोष्ट

आज आपण आफ्रिकेच्या अगदी खालच्या टोकाकडे जाणार आहोत. नकाशा काढा आणि दक्षिण आफ्रिका शोधा. त्या देशाच्या पोटात, जरा उजवीकडे, वेगळ्या रंगाचा एक लहानसा तुकडा दिसेल. पुष्कळांना ते तळं वाटतं. तळं नाही, तो एक स्वतंत्र देश आहे. त्याचं नाव लेसोथो.

चारी बाजूंनी एकाच देशाने वेढलेले देश जगात फक्त तीन. व्हॅटिकन आणि सान मारिनो हे दोन इटलीच्या आत, आणि तिसरा हा. पहिल्या दोघांना देश म्हणताना जरा हसू येतं, इतके ते लहान. लेसोथोचं तसं नाही. ३०,३५५ चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक दशांश. लोकसंख्या वीस लाखांच्या थोडी वर. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम जिल्ह्याएवढी माणसं, पण राजा आहे, संसद आहे, झेंडा आहे, चलन आहे.

आता प्रश्न असा की, हा देश उरला कसा? एकोणिसाव्या शतकात त्याच्या आजूबाजूचं जवळजवळ प्रत्येक आफ्रिकी राज्य मोडलं. झुलू मोडले, खोसा मोडले, पेडी मोडले. मग या डोंगराळ कोपऱ्यात असं काय होतं? आणि जे उरलं, ते नेमकं काय उरलं? हा दुसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आजचा भाग या दोन प्रश्नांचा आहे.

आधी नावांचा घोळ मिटवून टाकू. या लोकांच्या भाषेत मूळ शब्द 'सोथो', आणि त्याच्या आधी जे अक्षर लागतं त्याने अर्थ बदलतो. एक माणूस असेल तर मोसोथो, अनेक असतील तर बासोथो, त्यांची भाषा सेसोथो आणि त्यांचा देश लेसोथो. तिथली माणसं देशाचं नाव 'लेसूटू'च्या जवळपास उच्चारतात. आपण मात्र रूढ झालेलं लेसोथोच म्हणू. इंग्रजांच्या काळात याचंच नाव बासुटोलँड होतं, जुन्या पुस्तकांत ते भेटतं.

हा देश उंचावर आहे, असं म्हणून भागणार नाही. जगात हा एकच स्वतंत्र देश असा आहे, ज्याची सगळीच्या सगळी जमीन समुद्रसपाटीपासून १,००० मीटरच्या वर आहे. त्याचा सगळ्यात खालचा बिंदू, जिथे सेंकू आणि माखालेंग या नद्या मिळतात, तोच सुमारे १,४०० मीटरवर आहे. महाबळेश्वर गाव साधारण १,३५० मीटरवर. म्हणजे आपलं थंड हवेचं ठिकाण जिथे संपतं, तिथे यांचा तळ सुरू होतो. सर्वांत उंच शिखर थाबाना न्त्लेन्याना, ३,४८२ मीटर. किलिमांजारोच्या दक्षिणेला आफ्रिकेत याहून उंच काही नाही. जून ते ऑगस्ट तिथे हिवाळा असतो, आणि वरच्या भागात चांगला बर्फ पडतो.

सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे डोंगर ओळखीचे वाटतील, आणि त्याला कारण आहे. सह्याद्रीचा काळा दगड लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. लेसोथोच्या वरच्या डोंगरांचा दगडही असाच लाव्हाचा, फक्त तो १८ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे आपल्यापेक्षा कितीतरी जुना. एकावर एक पायऱ्या रचल्यासारखे कडे आणि माथ्यावर सपाटी ही घडण दोन्हीकडे दिसते. या काळ्या थरांच्या खाली पिवळट वालुकाश्म आहे. पश्चिमेकडच्या सखल पट्ट्यात तो उघडा पडतो, आणि त्यातून सुट्या, सपाट माथ्याच्या, कडेला ताशीव भिंती असलेल्या टेकड्या तयार झाल्यात. ज्या मुलखात किल्ले बांधायला निसर्गानेच अर्धं काम करून ठेवलंय, त्या मुलखाचा इतिहास कसा घडतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा. पश्चिमेला मोहोकारे नावाची नदी आहे. इंग्रज तिला कॅलेडन म्हणतात. तिच्या दोन्ही तीरांवर सुपीक जमीन आहे. आज ही नदी सरहद्द आहे. दोनशे वर्षांपूर्वी ती सरहद्द नव्हती, ती या लोकांच्या शेतांच्या मधोमध वाहत होती.

आता येऊ आपल्या नायकाकडे.

१७८६ च्या सुमारास डोंगराच्या कुशीतल्या एका किरकोळ सरदाराच्या घरी मुलगा जन्मला. नाव लेपोको. तरुणपणी त्याने रामोनाहेंग नावाच्या शेजारच्या सरदाराची गुरं पळवली आणि मग आपणच आपली फुशारकी मारली, की वस्तरा जसा दाढी सफाचट करतो तशी मी त्याची गुरं सफाचट केली. वस्तरा फिरल्याचा जो आवाज होतो, त्यावरून त्याचं नाव पडलं मोश्वेश्वे. एका देशाचा संस्थापक वस्तऱ्याच्या आवाजाने ओळखला जातो, हे मला फार आवडतं.

त्याच्या तरुणपणी तो सारा प्रदेश उलथापालथीत सापडला. सेसोथोत त्या काळाला लिफाकाने म्हणतात. साधारण १८२० नंतरची दहा-पंधरा वर्षं टोळ्यांमागून टोळ्या हुसकल्या गेल्या, गुरं लुटली गेली, पिकं उभ्याने जळाली. जुन्या पुस्तकांत याचा सगळा दोष झुलू राजा शाकाच्या माथी मारलेला असतो. अलीकडच्या इतिहासकारांना ते एवढं सरळ वाटत नाही. दुष्काळ होता, आणि दक्षिणेकडून घोडे नि बंदुका घेऊन गुरं नि माणसं पळवणारेही होते. शाका एकटा पुरला नसता. पण ज्याची झोपडी जळली, त्याला कारणांशी काय करायचं? भूक इतकी पडली की काही टोळ्या माणसं खाऊ लागल्या.

१८२४ च्या हिवाळ्यात मोश्वेश्वे आपली माणसं आणि गुरं घेऊन उत्तरेकडच्या बुथा बुथे डोंगरावरून निघाला. त्याला जास्त भक्कम जागेचा पत्ता लागला होता. वाटेत मागे पडलेल्यांवर नरभक्षकांनी झडप घातली आणि त्यात त्याचा म्हातारा आजा, पीते, सापडला आणि खाल्ला गेला. बाकीचे पुढे चालत राहिले आणि अंधार पडल्यावर एका सपाट माथ्याच्या टेकडीवर चढले. म्हणून तिचं नाव थाबा बोसिऊ, रात्रीचा डोंगर. लोक सांगतात की ही टेकडी दिवसा साधीच दिसते, रात्री मात्र वाढते आणि शत्रूला चढता येत नाही.

थाबा बोसिऊ फार उंच नाही. भोवतालच्या सपाटीपासून शंभरेक मीटर. पण कडेने कातळाची भिंत, वर यायला मोजक्या खिंडी, माथ्यावर गुरांना चरायला ऐसपैस कुरण आणि पाण्याचे झरे. गडाला आणखी काय लागतं?

या माणसाचं वेगळेपण मात्र पुढच्या गोष्टीत आहे. काही काळाने आज्याला खाणारी टोळी त्याच्या हाती लागली. सगळ्यांनी म्हटलं, मारून टाका. मोश्वेश्वेने नकार दिला. परंपरा असं सांगते की तो म्हणाला, माझ्या आजोबांची कबर या लोकांच्या पोटात आहे, कबरीची विटंबना मी कशी करू? मग त्याने त्यांच्या अंगावर शुद्धीचे विधी केले, जसे कबरीवर करतात तसे, आणि त्यांना गुरं नि जमीन देऊन वसवलं. ही गोष्ट शब्दशः अशीच घडली का, याची खात्री कोण देणार! पण त्याच्या राज्यात पूर्वीचे नरभक्षक शेतकरी होऊन राहिले, हे मात्र खरं.

हे नुसतं मनाचं मोठेपण नव्हतं, त्यामागे पक्का हिशोब होता. त्याच्याकडे गुरं होती आणि माणसं कमी होती. बासोथोंमध्ये माफिसा नावाची रीत होती. धनवानाने आपल्या गाई गरिबाकडे ठेवायच्या. गरिबाने त्या सांभाळायच्या, दूध प्यायचं, शेण वापरायचं, पण गाय मालकाची. उद्ध्वस्त होऊन आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मोश्वेश्वेने अशा गाई दिल्या. आलेल्याची भाषा कुठली, टोळी कुठली, हे विचारलं नाही. दहा-बारा वर्षांत निर्वासितांचं एक राष्ट्र उभं राहिलं. म्हणजे बासोथो हे एका रक्ताचे लोक नाहीत. एका माणसाच्या गाईंच्या दुधावर जमलेले ते लोक आहेत.

शत्रूंशीही त्याची तऱ्हा अशीच. १८३१ च्या सुमारास म्झिलिकाझीच्या न्देबेले फौजेने टेकडीवर हल्ला चढवला. वरून दगडांचा वर्षाव झाला, फौज मागे हटली. परतणाऱ्या त्या उपाशी सैनिकांमागे मोश्वेश्वेने गुरं पाठवली. निरोप असा की तुम्ही भुकेने आला होतात, हे घ्या आणि शांतपणे जा. ती फौज पुन्हा कधी आली नाही.

१८५२ साली तर त्याने इंग्रजांना चकित केलं. जनरल कॅथकार्ट हजारो गुरांचा दंड वसूल करायला फौज घेऊन आला. २० डिसेंबरला बेरियाच्या पठारावर लढाई झाली. तोवर बासोथो घोड्यावर बसायला आणि बंदूक चालवायला शिकले होते. डोंगराळ वाटांवर ठाम पाय टाकणारा त्यांचा बुटका घोडा आजही प्रसिद्ध आहे. हजारो घोडेस्वार समोर पाहून इंग्रजांची पंचाईत झाली, त्यांचे जवळजवळ चाळीस सैनिक पडले. दुसरा एखादा राजा असता तर विजयाचे ढोल वाजवले असते. मोश्वेश्वेने त्याच रात्री पत्र लिहवून घेतलं. तुम्ही तुमचं बळ दाखवलंत, शिक्षा झाली, आता पुरे, मला शत्रू मानू नका, अशा आशयाचं. जिंकलेला माणूस हरल्यासारखं पत्र लिहितो, आणि हरलेल्या जनरलला अब्रूने घरी जायची वाट करून देतो! कॅथकार्टने ती वाट आनंदाने घेतली.

पत्र लिहिण्याची ही सोय झाली कशी? १८३३ साली तीन फ्रेंच प्रोटेस्टंट मिशनरी तिथे पोहोचले. काझालिस, आर्बूसे आणि गोसलें. गोऱ्यांच्या जगात आपला कोणी लिहिणारा-वाचणारा हवा हे मोश्वेश्वेने ओळखलं होतं आणि त्याने त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. काझालिस त्याचा जणू परराष्ट्र चिटणीस झाला. मिशनऱ्यांनी शाळा काढल्या, सेसोथोला लिपी दिली, मोरिजा गावी छापखाना घातला. १८६३ पासून तिथून सेसोथोत वर्तमानपत्र निघू लागलं. याच मोरिजातून पुढे थॉमस मोफोलो हा आफ्रिकी भाषेतला एक आद्य कादंबरीकार निघाला. आणि मोश्वेश्वे स्वतः? मिशनऱ्यांचं सगळं ऐकलं, पण शेवटपर्यंत बाप्तिस्मा घेतला नाही.

इतका शहाणा माणूस, मग जमीन कशी गेली? इथे थोडं थांबू, कारण सगळ्या गोष्टीचं मर्म इथे आहे.

१८३५ नंतर केप वसाहतीतले डच वंशाचे शेतकरी, म्हणजे बोअर, बैलगाड्या घेऊन उत्तरेकडे सरकू लागले. मोहोकारेच्या पलीकडच्या कुरणांत ते थांबले आणि गुरं चारायला परवानगी मागितली. मोश्वेश्वेने दिली. त्याच्या समजुतीने ही जमिनीची माफिसाच होती. गाय दूध प्यायला दिली म्हणजे विकली असं होत नाही. बासोथोंच्या कायद्यात जमीन विकताच येत नव्हती, ती सगळ्या लोकांची, राजा फक्त वाटून देणारा. बोअरांच्या कायद्यात मात्र जिथे घर बांधलं, विहीर खणली, ती जमीन आपली, आणि तिचा कागद करता येतो, ती विकता येते. दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक होत्या, असं काही लेखक म्हणतात. सुरुवातीला असतील. वीस वर्षांनी, प्रत्येक तंटा आपल्याच बाजूने सरहद्द पुढे ढकलतो आहे हे दिसत असताना, तो प्रामाणिकपणा किती उरला असेल याची मला शंका आहे.

१८५४ साली इंग्रजांनी त्या भागातून अंग काढून घेतलं आणि बोअरांचं ऑरेंज फ्री स्टेट स्वतंत्र झालं. १८५८ च्या युद्धात बासोथो टिकले. १८६५ चं युद्ध फार वाईट गेलं. थाबा बोसिऊ याही वेळी पडला नाही. ऑगस्टमध्ये लाउ वेपेनर हा बोअर सेनानी खिंडीतून वर चढताना मारला गेला. पण बोअरांना टेकडी घ्यायची गरजच उरली नव्हती. त्यांनी खालची पिकं जाळायला सुरुवात केली. गड अजिंक्य असला तरी धान्य खालीच पिकतं ना! उपासमार झाली, १८६६ च्या तहात मोठा मुलूख गेला, पुढच्या वर्षी पुन्हा युद्ध पेटलं.

म्हातारा राजा कित्येक वर्षं इंग्रज राणीचं संरक्षण मागत होता. तो म्हणे, राणीच्या घोंगडीत मला घ्या, माझे लोक त्या घोंगडीतल्या पिसवांसारखे राहतील. अखेर १२ मार्च १८६८ रोजी इंग्रजांनी बासुटोलँड आपल्या छत्राखाली घेतलं. बोअर चिडले. त्यांची समजूत काढायला पुढच्या वर्षी अलिवाल नॉर्थ इथे तह झाला, त्यात मोहोकारे नदी सरहद्द ठरली. नदीपलीकडची सुपीक जमीन फ्री स्टेटला गेली. वाटाघाटी इंग्रजांनी केल्या, जमीन बासोथोंची गेली. ११ मार्च १८७० ला मोश्वेश्वे वारला. थाबा बोसिऊच्या माथ्यावर त्याची साधी दगडी कबर आहे.

यापुढचा राजकीय इतिहास भराभर सांगतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये हा देश केप वसाहतीला जोडून टाकला. केपने बंदुका जमा करा असा हुकूम काढला. बासोथोंनी १८८० मध्ये त्याच बंदुका घेऊन लढाई दिली, केपला आवरेना, आणि १८८४ मध्ये इंग्रजांना कारभार थेट हाती घ्यावा लागला. हा 'बंदूक संग्राम' फारसा गाजत नाही, पण त्याचं मोल मोठं. केपच्या ताब्यात राहिला असता, तर १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेचं संघराज्य झालं तेव्हा हा देश आपोआप त्यात गेला असता, आणि पुढे वर्णभेदी राजवटीतही. तसं झालं नाही. ४ ऑक्टोबर १९६६ रोजी लेसोथो स्वतंत्र झाला, मोश्वेश्वेच्याच वंशातला राजा घेऊन. नंतर रद्द झालेली निवडणूक, लष्करी बंड, १९९८ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या फौजा राजधानी मासेरूत, असं सगळं झालं. त्यात शिरत नाही.

त्यापेक्षा पोटाचं बोलू. तह झाला त्याच सुमारास किंबर्लीला हिरे सापडले. हजारो माणसं खाणींकडे धावली, त्यांना धान्य हवं होतं. उरलेल्या अरुंद पट्ट्यात बासोथोंनी गहू, मका, ज्वारी पिकवली आणि बैलगाड्या भरून विकली. काही वर्षं हा देश त्या भागाचं कोठार होता. मग रेल्वे आली, तिच्यातून अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाचा स्वस्त गहू आला, आणि फ्री स्टेटच्या शेतकऱ्यांनी, म्हणजे नदीपलीकडच्या त्याच जमिनीवर, पीक काढायला सुरुवात केली. इकडे माणसं वाढली, शेतं तुकडे होत डोंगरावर चढली, उतारावर नांगर फिरला आणि पावसाने माती वाहून नेली. आज सखल भागात जागोजागी खोल, लालसर घळी दिसतात. शेतीलायक जमीन देशाच्या जेमतेम एक दशांश.

कोठारातून धान्य जायचं बंद झालं आणि माणसं जाऊ लागली. १९७० आणि ८० च्या दशकांत लाखाहून जास्त बासोथो पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत, मुख्यतः सोन्याच्या खाणींत, काम करत होते. देशाची लोकसंख्या तेव्हा कितीशी? बारा-पंधरा लाख. करारावर जायचं, बराकीत राहायचं, महिने भरल्यावर घरी यायचं, पुन्हा जायचं. खाण म्हणजे जमिनीखाली दोन-तीन किलोमीटर. जगातल्या सगळ्यात उंच देशांपैकी एकाची माणसं जगातल्या सगळ्यात खोल खड्ड्यांत. सिलिकाची धूळ फुफ्फुसात घेऊन आलेल्यांनी मागे दावा लावला, आणि २०१९ मध्ये जोहान्सबर्गच्या न्यायालयाने खाण कंपन्यांबरोबरची काही अब्ज रँडची तडजोड मंजूर केली. तोपर्यंत अनेकजण वारले होते.

या ये-जा करणाऱ्या गड्यांनी वाटेवर रचलेली गाणी आहेत, त्यांना लिफेला म्हणतात. अकॉर्डियन वाजवत गायचं फामो संगीतही याच खाणींच्या आणि गुत्त्यांच्या जगातलं. आपल्याकडे गिरणगावात कोकणातला चाकरमानी होता, त्याची बायको गावी शेत सांभाळत होती. ते ज्याने ऐकलंय त्याला हे समजेल.

लेसोथोचं रोजचं जगणं समजून घ्यायचं तर हा घरी नसलेला पुरुष आधी लक्षात घ्यावा लागतो. नांगरणी, घरबांधणी, मुलांची शाळा, सगळं बायकांवर पडलं. गोल दगडी घरं, वर गवताचं छप्पर. भिंती बायका माती आणि शेणाने सारवतात आणि ओल्या लिंपणावर बोटांनी, काटक्यांनी नक्षी ओढतात. तिला लितेमा म्हणतात. पावसाने ती धुऊन जाते, पुन्हा काढतात. झाडं कमी, म्हणून चुलीला शेणाच्या वाळवलेल्या गोवऱ्या.

खाणं साधं. मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, पापा, आणि सोबत चिरून शिजवलेली पालेभाजी, मोरोहो. ज्वारीचं पीठ आंबवून केलेली पातळ पेज असते, मोतोहो नावाची. आपली आंबीलच म्हणा. यात नवल नाही, कारण ज्वारी मुळात आफ्रिकेची, हजारो वर्षांपूर्वी ती आपल्याकडे आली. ज्वारीची भाकरी ज्यांच्या ताटात आहे, त्यांनी आफ्रिकेचे आभार मानायला हरकत नाही!

मुलग्यांचं बालपण गुरांमागे जातं. सहा-सात वर्षांचा मुलगा मेंढ्या वळायला लागतो, थोडा मोठा झाला की डोंगरावरच्या वाड्यांवर महिनोन्‌महिने राहतो. परिणाम असा की इथे वाचता-लिहिता येणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आहे. जगात बहुतेक गरीब देशांत उलटं असतं. पण शिकलेल्या बाईला घरात मान आणि वारसा किती मिळतो, हा प्रश्न वेगळा, तिथे अजून भांडण चालू आहे. पुरुषांच्या ये-जा करण्याने आणखी एक गोष्ट घरी आणली. प्रौढांपैकी पाचातल्या एकाला एचआयव्हीची लागण आहे. उपचार आता बहुतेकांपर्यंत पोहोचलेत, पण एक अख्खी पिढी मधून गेली. आजी आणि नातवंडं, मधलं कोणी नाही, अशी घरं सर्रास भेटतात.

आणि घोंगडी! बासोथो माणूस म्हटलं की डोक्याला गवताची शंकूच्या आकाराची टोपी, मोकोरोत्लो, आणि अंगावर रंगीत लोकरी घोंगडी. टोपी झेंड्यावरही आहे. १८६० च्या सुमारास एका व्यापाऱ्याने मोश्वेश्वेला लोकरी घोंगडी भेट दिली आणि राजाने कातड्याची शाल टाकून ती पांघरली. मग सगळ्यांनीच. लग्न, मूल, दीक्षा, मयत, प्रत्येक प्रसंगाची घोंगडी वेगळी. पट्टे उभे राहतील अशीच ती पांघरायची, कारण उभा पट्टा म्हणजे वाढ. मक्याच्या कणसाचं चित्र असलेली घोंगडी फार आवडती. गंमत अशी की राष्ट्राची ओळख असलेली ही घोंगडी देशात विणली जात नाही. आधी इंग्लंडातून यायची, आता दक्षिण आफ्रिकेतल्या गिरणीतून येते.

१९९० च्या दशकापासून खाणींनी माणसं कमी करायला घेतली. आज पूर्वीच्या लाखाचा एक छोटा हिस्सा तिथे उरलाय. मग देशाकडे विकायला काय राहिलं? पाणी.

ही गोष्टही सरळ नाही. १९८० च्या दशकात लेसोथोने वर्णभेदविरोधी निर्वासितांना थारा दिला होता. डिसेंबर १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या कमांडोंनी रात्री मासेरूत शिरून ४२ माणसं मारली, त्यांत १२ बासोथो होते. जानेवारी १९८६ मध्ये सरहद्द आवळली. चारी बाजूंनी एकच शेजारी असलेल्या देशाची नाकेबंदी करायला फार काही लागत नाही. तीन आठवड्यांत लष्कराने सरकार उलथवलं. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला पाण्याच्या मोठ्या कराराव्र सह्या झाल्या. योगायोग म्हणायचं तर म्हणा.

करारातून कात्से धरण उभं राहिलं. १८५ मीटर उंच, दोन्हीकडून वाकलेली काँक्रीटची भिंत. तिथून डोंगराच्या पोटातून ८२ किलोमीटरचे बोगदे उत्तरेला जातात आणि पाणी उताराने जोहान्सबर्गच्या बाजूला पोहोचतं. वाटेत वीजही तयार होते. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला ७८ कोटी घनमीटर. लेसोथोला पाण्याचे पैसे मिळतात, सरकारी तिजोरीचा तो मोठा आधार आहे. शेतं आणि कुरणं मात्र पाण्याखाली गेली, आणि धरणाच्या वरच्या अंगाला, पाणी डोळ्यांसमोर दिसत असताना, झऱ्यावरून घागर भरून आणणारी गावं कितीतरी वर्षं तशीच राहिली. एक गोष्ट या देशाच्या बाजूने सांगायलाच हवी. या प्रकल्पात लाच दिल्याबद्दल लेसोथोच्या न्यायालयांनी आपल्या बड्या अधिकाऱ्याला तर तुरुंगात पाठवलंच, पण एका कॅनेडियन आणि एका जर्मन कंपनीलाही दोषी ठरवलं. मोठमोठ्या देशांना हे जमत नाही.

दुसरा आधार कापडाचा. मासेरूच्या कारखान्यांत अमेरिकेला जाणाऱ्या जीन्स शिवल्या जातात, शिवणाऱ्या बहुतांश बायका. २००० नंतर अमेरिकेने जकातमाफी दिली आणि हा धंदा फुलला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आपल्या संसदेत लेसोथोचं नाव घेऊन म्हणाले की या देशाबद्दल कोणी कधी ऐकलेलं नाही. एप्रिलमध्ये याच देशावर ५० टक्के जकात जाहीर झाली. पुढे ती १५ टक्क्यांवर आली, पण तोवर मागण्या थांबल्या होत्या आणि बायका घरी बसल्या होत्या.

या देशाच्या चलनाचं नाव लोती. सेसोथोत लोती म्हणजे डोंगर. एक लोती बरोबर एक रँड, आणि रँड देशभर दुकानात चालतो. त्यामुळे खिशात डोंगर असला तरी त्याची किंमत नदीपलीकडे ठरते.

त्या नदीपलीकडच्या जमिनीचा विषय मिटलेला आहे का? २०२३ मध्ये लेसोथोच्या संसदेत विरोधी पक्षाच्या एका खासदाराने ठराव मांडला, की फ्री स्टेटसह तो सगळा जुना मुलूख परत मागावा. त्यावर चर्चाही झाली. आज दक्षिण आफ्रिकेत सेसोथो बोलणारी माणसं लेसोथोतल्यापेक्षा जास्त आहेत, कारण युद्धानंतर सगळेच काही नदी ओलांडून आले नव्हते. नकाशा बदलेल असं तिथे फारसं कोणाला वाटत नाही. डिसेंबरात सुट्टीला घरी येणाऱ्यांची आणि जानेवारीत परत कामाला जाणाऱ्यांची मासेरूच्या पुलावर तासन्‌तास रांग लागते. पासपोर्ट दाखवायचा, शिक्का घ्यायचा, आणि पणजोबांच्या शेतातून गाडी पुढे न्यायची.